मोटारीच्या गाळणीचा पूर्वेतिहास

कार्तिकाच्या सुमारास दिल्लीच्या आसमंतात धुरक्याचा जो करडा थर उतरतो, आणि ज्याची सवय अलीकडे मुंबई-पुण्याच्या हिवाळी सकाळींनाही करून घ्यावी लागत आहे, त्या थरातून बंद काचांच्या मोटारीने जाणाऱ्या मनुष्याची अशी समजूत असते की, काच वर केली आणि वातानुकूलन सुरू केले म्हणजे बाहेरची हवा बाहेर राहिली. ही समजूत अगदीच निराधार नाही. परंतु तिचा आधार कोणता आणि तो किती भक्कम, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. पुढच्या आसनासमोरच्या खणामागे, गॅरेजातले कारागीर जिला ‘केबिन फिल्टर’ किंवा नुसते ‘एसी फिल्टर’ म्हणतात ती, वीतभर लांबीरुंदीची, चुण्या घातलेल्या पांढुरक्या कापडाची एक चौकट दडलेली असते, आणि आत येणाऱ्या हवेचा सारा बंदोबस्त या एका चौकटीवर सोपवलेला असतो. या गाळणीची वंशावळ शोधू गेल्यास असे आढळते की, तिचा प्रत्येक पूर्वज निराळ्या शत्रूसाठी घडवला गेला होता: कोणी हिंगुळाच्या धुळीसाठी, कोणी आगीच्या धुरासाठी, कोणी रणांगणावरील विषारी वायूसाठी, कोणी अणुभट्टीतल्या किरणोत्सर्गी कणांसाठी, आणि अगदी अलीकडचा युरोपातील वसंत ऋतूच्या परागकणांसाठी. आपल्या शहरांतल्या धुरक्याशी लढण्याची कामगिरी तिच्याकडे वारसाहक्काने आली. तिची पहिली नेमणूक त्या कामावर झालेली नव्हती. ती काय अडवते, काय अडवू शकत नाही, आणि का, याचा उलगडा या वंशवृत्तान्तातूनच होतो.

श्वासाबरोबर आत जाणारी धूळ घातक असते हे ज्ञान पुरातन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने नोंदवून ठेवले आहे की, हिंगूळ कुटणारे कामकरी जनावराच्या मूत्राशयाची पातळ कातडी तोंडावर सैलसर बांधून घेत, म्हणजे ती प्राणघातक पूड नाकातोंडात जात नसे. आपल्याकडे हवेवर संस्कार करण्याची जी जुनी रीत होती तिचा हेतू गारव्याचा होता. अबुल फजलने ‘आइने अकबरी’त अकबराच्या खसखान्याची हकीकत दिली आहे, आणि वाळ्याच्या ओल्या ताट्या दारांना लावून उन्हाळा सुसह्य करण्याचा तो शिरस्ता सरदारांच्या वाड्यांतून इंग्रज अंमलदारांच्या बंगल्यांत आणि तेथून रेल्वेच्या वरच्या वर्गाच्या डब्यांत गेला. वाळ्याच्या ओल्या मुळ्यांना वाटेतली पुष्कळशी धूळ चिकटून राहत असे, हा त्या योजनेचा एक न मागितलेला लाभ होता. धावत्या वाहनात येणारी हवा एखाद्या तंतुमय पडद्यातून घ्यावी, ही कल्पना या देशात मोटारीच्या आधी आगगाडीने अंगीकारली होती, ही गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

परंतु गाळणीच्या शास्त्राचा खरा आरंभ एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये झाला, आणि त्याचे श्रेय मुख्यतः दोन व्यक्तींकडे जाते. पहिला स्कॉटिश रसायनज्ञ जॉन स्टेनहाउस. लाकडाच्या कोळशात दुर्गंध आणि वायू शोषून घेण्याची विलक्षण शक्ती असते हे ओळखून त्याने १८५४ साली कोळशाच्या भुकटीचा थर असलेला मुखवटा तयार केला, आणि त्याच वर्षी लंडनच्या मॅन्शन हाउसमधील न्यायदानाच्या दालनात, गल्लीतली घाण हवा खिडकीवाटे आत येते म्हणून, कोळशाची गाळणी बसवण्यात आली. दुसरा जॉन टिंडाल. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रकाशावर प्रयोग करीत असताना काळोख्या खोलीतून सोडलेला प्रकाशाचा झोत आपल्या डोळ्यांना दिसतो तो वाटेतल्या तरंगत्या धुळीमुळे, आणि हवा सर्वथैव निर्मळ असेल तर तो झोत दिसेनासा होतो, हे त्याच्या ध्यानी आले होते. मग त्याने त्या झोतात काचेच्या नळीवाटे स्वतःचा श्वास सोडला. श्वासाचा पहिला भाग तेजाळ दिसला, परंतु उच्छ्वास संपत आला, फुप्फुसाच्या तळाची हवा बाहेर पडू लागली, तेव्हा झोतामध्ये एक काळा खंड पडला. म्हणजे ती हवा धूलिरहित होती, आणि तिच्यातली धूळ फुप्फुसातच मुक्कामाला राहिली होती. नंतर तोंडाशी कापसाचा बोळा धरून त्यातून श्वास घेतला, तर उच्छ्वास पहिल्यापासूनच काळा दिसू लागला. १८७० साली धूळ आणि रोग या विषयावरील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात त्याने ही निरीक्षणे श्रोत्यांपुढे मांडली. ज्या काळात सूक्ष्म कण मोजण्याचे कोणतेही यंत्र अस्तित्वात नव्हते त्या काळात, मनुष्याची छाती ही स्वतःच एक गाळणी आहे आणि गाळलेला सारा मळ ती स्वतःजवळ ठेवून घेते, हे सत्य इतक्या साध्या साधनाने उघड करणे ही असामान्य प्रज्ञेची खूण आहे; आज कोट्यवधी रुपयांच्या प्रयोगशाळा जे सांगतात त्याचे बीज त्या एका काळ्या खंडात आहे.

टिंडाल तेथेच थांबला नाही. आग विझवणाऱ्या जवानांना धुरात शिरता यावे म्हणून लंडनच्या अग्निशमन दलाच्या प्रमुखाच्या साहाय्याने त्याने एक श्वसनयंत्र सिद्ध केले, आणि धुराने भरलेल्या बंद कोठडीत स्वतः बसून त्याची परीक्षा घेतली. त्यात कोरड्या कापसाचा थर होता, ग्लिसरीनने ओलसर केलेल्या कापसाचा थर होता, आणि स्टेनहाउसच्या कोळशाचाही थर होता. कण अडवायला तंतू आणि वायू शोषायला कोळसा, हा जो जोडबंदोबस्त त्याने १८७० च्या दशकात केला, तोच आजच्या महागड्या मोटारीतल्या दुपदरी गाळणीत जसाच्या तसा आढळतो. मधल्या दीडशे वर्षांत तंतू बदलले, कोळसा अधिक सच्छिद्र झाला, परंतु तत्त्वात फरक पडलेला नाही.

यानंतरची प्रगती दुर्दैवाने युद्धाने घडवून आणली. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला, आणि काही महिन्यांतच सर्व लढाऊ राष्ट्रे आपापल्या सैनिकांच्या श्वासाची तजवीज करू लागली. रशियन रसायनज्ञ निकोलाय झेलिन्स्की याने विशेष प्रक्रिया करून सच्छिद्र केलेला कोळसा मुखवट्यात घातला. अशा कोळशाच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग उलगडून पसरला, तर तो हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो, आणि वायूचे रेणू त्या अफाट पृष्ठभागावर जडून बसतात. १९३० साली हॅन्सेन नावाच्या डॅनिश संशोधकाने लोकरीत राळेची पूड घोळवून एक गाळणी काढली. लोकर पिंजताना होणाऱ्या घर्षणाने राळेच्या कणांवर विद्युद्भार चढे, तो दीर्घकाळ टिके, आणि जवळून जाणारा धूलिकण त्या भाराने तंतूकडे ओढला जाई. आजच्या मोटारीतील पांढऱ्या कापडाचे तंतू कृत्रिम असतात, लोकरीचे नसतात, तथापि त्यांचे बहुतांश सामर्थ्य या विद्युद्भाराचेच आहे. आणि हा भार म्हणजे गाळणीचे बळ असून तिचे मर्मस्थानही तेच आहे, हे पुढे दिसेल.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर याने सैन्यासाठी गाळण्यांचा सैद्धान्तिक अभ्यास केला, आणि त्यातून एक निष्कर्ष निघाला जो प्रथमदर्शनी सामान्य बुद्धीला पटत नाही. आपण गाळणीची कल्पना पिठाच्या चाळणीवरून करतो: भोकापेक्षा मोठे ते वर राहते, लहान ते खाली पडते, आणि म्हणून जितका कण लहान तितका तो निसटण्याचा संभव अधिक. हवेच्या गाळणीत असे घडत नाही. तिच्यातील तंतूंमधल्या फटी बहुतेक कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात, आणि कण अडतो तो तंतूला जाऊन चिकटल्यामुळे. मोठा कण जड असल्याने हवेच्या वळणाबरोबर वळू शकत नाही, तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो; मध्यम आकाराचा कण प्रवाहाबरोबर वळतो, परंतु तंतूच्या अगदी जवळून जाताना त्याची कड तंतूला घासते आणि तो तेथेच राहतो; अतिसूक्ष्म कणाला हवेचे रेणू चोहोबाजूंनी इतके धक्के देत असतात की तो भरकटत भरकटत कोठल्या ना कोठल्या तंतूवर जाऊन पडतो. मात्र सुमारे ०.३ मायक्रॉन व्यासाचा कण या सर्व सापळ्यांच्या मधोमध सापडतो: आदळण्याइतका तो जड नसतो आणि भरकटण्याइतका हलकाही नसतो. म्हणूनच अणुबॉम्बच्या प्रकल्पातून जन्मलेल्या, ‘हेपा’ या नावाने पुढे जगभर पसरलेल्या गाळणीची कसोटी याच आकारावर घेतात, आणि तेथे तिने १०,००० पैकी ९,९९७ कण अडवले पाहिजेत असा दंडक आहे. त्याच अणुयुगाने आणखी एक देणगी दिली. स्फोटांनंतर वातावरणात पसरणारे किरणोत्सर्गी कण गोळा करण्यासाठी अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत व्हॅन वेंटे याने १९५० च्या दशकात वितळलेले प्लास्टिक तप्त हवेच्या झोताने फुंकून अत्यंत बारीक तंतू ओढण्याची रीत शोधली. आपल्या मोटारीतली गाळणी आणि रोगसाथीच्या काळात घरोघरी पोहोचलेला मुखवटा, दोन्ही याच रीतीची अपत्ये होत.

आता मोटारीकडे वळू. प्रारंभीची मोटार उघडी असे, आणि तिच्यात बसणाऱ्याला धूळ पायघोळ डगल्याने व चष्म्याने अडवावी लागे. रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांची दशा तर फारच शोचनीय असे. या संकटावरचा पहिला यशस्वी इलाज मोटारीत शोधला गेला नाही, तो रस्त्यावर शोधला गेला. १९०२ साली मोनॅकोमध्ये डॉक्टर गुलिएल्मिनेत्ती याने रस्त्याच्या एका छोट्या तुकड्यावर डांबर ओतून धूळ मुळातच बसवून टाकली, आणि त्या एका प्रयोगाचे अनुकरण पुढे सर्व खंडांत झाले. हवेच्या शुद्धीच्या इतिहासात ज्या थोड्या विजयांना निःसंशय विजय म्हणता येईल, त्यांत मी या डांबराची गणना अग्रभागी करतो, कारण त्याचा लाभ मोटारीत बसलेल्याला झाला तितकाच पायी चालणाऱ्यालाही झाला.

यानंतरचा क्रम मात्र विचार करायला लावणारा आहे. धुळीने इंजिनाचे दट्टे झिजतात असे दिसून येताच १९२० च्या दशकात इंजिनाच्या हवेसाठी पाण्याच्या, तेलाच्या आणि जाळीच्या गाळण्या रूढ झाल्या. मनुष्याच्या फुप्फुसाला तसेच संरक्षण सर्रास मिळायला आणखी साठ वर्षे जावी लागली. झीज झालेल्या यंत्राची तक्रार कारखानदाराच्या दप्तरात लगेच नोंदली जाते, झीज झालेल्या छातीची तक्रार कोणाच्या दप्तरात नोंदवायची हे मात्र ठरलेले नसते, एवढेच त्याचे कारण मला दिसते. त्याच दशकात बंद छताची मोटार स्वस्त होऊन सामान्य झाली आणि नवाच प्रश्न उपस्थित झाला: आत अडकलेली हवा कोंदट होई. १९३८ साली अमेरिकेतील नॅश कंपनीने यावर तोडगा काढला. समोरच्या काचेच्या तळाशी असलेल्या झरोक्यातून बाहेरची हवा घ्यायची, ती गाळायची, गरम पाण्याच्या नळ्यांवरून न्यायची आणि पंख्याने आत ढकलायची, म्हणजे आतला दाब किंचित अधिक राहून फटींतून धूळ व गारठा आत शिरत नाही. आजच्या प्रत्येक मोटारीतील हवेची व्यवस्था या आराखड्यावर उभी आहे. पुढे १९४० च्या पॅकार्ड मोटारीत जगातले पहिले कारखान्यात बसवलेले शीतयंत्र आले, परंतु त्यात बाहेरची हवा येण्याची सोयच नव्हती. तेच तेच वारे आतल्या आत फिरे, आणि यंत्र बंद करायचे तर इंजिन थांबवून पट्टा काढून ठेवावा लागे. बाहेरची हवा गाळून घ्यावी की आतलीच पुन्हा पुन्हा फिरवावी, हा आज डॅशबोर्डवरच्या एका बटणात मावलेला वाद अशा रीतीने दोन वर्षांच्या अंतराने रस्त्यावर आलेल्या दोन मोटारींनी उपस्थित केला होता.

आपल्या देशात या वादाचा शिरकाव बराच उशिरा झाला. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडू लागलेली आणि पुढे पद्मिनी या नावाने प्रसिद्धी पावलेली फियाट घ्या, किंवा तिची समकालीन अँबॅसडर घ्या, दोहोंच्या पुढच्या दारांना एक त्रिकोणी काच असे, आणि ती तिरकी फिरवली की वाऱ्याचा झोत थेट अंगावर येई. मुंबईच्या टॅक्सीचालकांच्या तीन पिढ्यांनी याच काचेच्या आधारावर उन्हाळे काढले. त्याच १९६४ साली इंग्लंडात फोर्डच्या कॉर्टिना मोटारीत पुढच्या फळीतून हवा घेऊन मागच्या खांबातल्या झरोक्यांनी सोडण्याची व्यवस्था आली आणि त्रिकोणी काचेचे युग तेथे संपू लागले. आपल्याकडे ते पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. त्या काचेतून येणाऱ्या वाऱ्यात गिरण्यांच्या चिमण्यांचा आणि चेंबूरच्या कारखान्यांचा धूरही असे. चिमण्यांच्या धुरासाठी मुंबई इलाख्याने १९१२ सालीच कायदा केला होता, तरी तो धूर दिसणारा होता, काळा होता, म्हणून त्याच्यावर कायदा करणे सुचले. न दिसणाऱ्या कणांचा हिशेब अजून कोणी मांडलेला नव्हता.

गाळणी प्रवाशासाठी अशी स्वतंत्रपणे घडवली ती स्वीडनच्या साब कंपनीने, १९७८ साली आलेल्या आपल्या ९०० या मोटारीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन कारखान्यांनी विद्युद्भारित तंतूंचे कापड वापरून ती घाऊक प्रमाणावर तयार करायला आरंभ केला, आणि तिचे व्यवहारातले नाव ‘परागगाळणी’ असेच पडले. यात आश्चर्य नाही. उत्तर युरोपात वसंतात बर्चचे आणि नंतर गवताचे पराग हवेत इतके दाटतात की, लक्षावधी माणसांचे डोळे-नाक पाझरू लागतात, आणि गाडी चालवताना आलेली शिंकांची लकेर अपघाताला कारण होऊ शकते. पराग बहुधा १० मायक्रॉनपेक्षा मोठे असतात, त्यांना अडवण्यासाठी फार दाट कापड लागत नाही, आणि कापड विरळ असले की पंख्यावर ताण पडत नाही. उपलब्ध जागा, पंख्याचे बळ, आवाज आणि किंमत या चारही बाबींची वाटणी या गृहीतावर झाली.

आणि नेमके यानंतर शास्त्राने निराळा शत्रू दाखवला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या सहा शहरांच्या अभ्यासाने सूक्ष्म कण आणि मृत्यू यांचा संबंध स्पष्ट केला, १९९७ साली अमेरिकेने २.५ मायक्रॉनहून लहान कणांसाठी वेगळी मर्यादा ठरवली, आणि भारताने ती २००९ मध्ये घातली: चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा तर अवघी १५ आहे. म्हणजे गाळणीचे आकारमान आणि तिची जागा आधी ठरली, आणि ज्या कणांशी तिला झुंजायचे ते नंतर कायद्याच्या पुस्तकात आले. पुढे कापड सुधारले, कोळशाचा थर आला, २०१५ साली टेस्लाने आपल्या एका मोटारीत हेपा दर्जाची अवाढव्य गाळणी बसवली, २०१९ पासून आपल्या बाजारातही हवाशुद्धीचे यंत्र हे जाहिरातीचे कलम झाले. तरीही रस्त्यावरच्या बहुसंख्य मोटारींत ती जुनी परागगाळणी किंवा तिची निकटची नातलगच आहे, आणि आपल्याकडच्या कित्येक जुन्या, स्वस्त गाड्यांत तर गाळणीची खाच तेवढी आहे, गाळणी नाही.

दिल्लीच्या कार्तिकात अशी गाळणी काय करते, हे अंकांनी पाहणे बरे. समजा, बाहेर सूक्ष्म कणांचे प्रमाण ३०० आहे आणि गाळणी शेकडा ६० कण अडवते. बाहेरची हवा आत घेण्याची कळ चालू असेल, तर आत १२० उरतात, म्हणजे आपल्याच कायद्याच्या दुप्पट. आता तीच कळ आतली हवा फिरवण्याकडे वळवली, तर गाळलेली हवा पुन्हा गाळणीतून जाते: सोयीसाठी एकेका फेरीचा हिशेब केला तर १२० चे ४८ होतात, ४८ चे १९. मोटारीच्या आतली जागा सुमारे ३ घनमीटर आणि पंखा तासाला दोन-तीनशे घनमीटर हवा ढकलणारा, त्यामुळे अशा फेऱ्यांना काही मिनिटेच पुरतात. प्रत्यक्षात दारांच्या रबरातून आणि तळाच्या फटींतून बाहेरची हवा शिरत राहते, वेग वाढला की अधिक शिरते, जुन्या गाडीत त्याहून अधिक. म्हणून आकडा १९ वर न येता मध्येच कोठेतरी स्थिरावतो. तरी सामान्य गाळणीची मोठी गाडी आणि सामान्य गाळणीची छोटी गाडी यांत जो भेद पडतो, त्याहून फार मोठा भेद या एका कळीने पडतो. काही गाड्यांत गाळणी फक्त बाहेरच्या हवेच्या वाटेवर बसवलेली असते. तेथे आतली हवा फिरवून कण कमी होत नाहीत, हे मात्र खरेदीपूर्वी विचारून घ्यावे.

पॅकार्डच्या यंत्राचा दोष येथे पुन्हा डोके वर काढतो. बसल्या जागी एक माणूस ताशी सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. चार माणसांचे मिनिटाला १.२ लिटर झाले, आणि ३,००० लिटरच्या बंद जागेत त्याने दर मिनिटाला दशलक्षांशी ४०० भागांची भर पडते. बाहेरच्या हवेत मुळात तो ४२० भागांच्या आसपास असतो, म्हणजे फटींतून निसटणारा वाटा वजा केला तरी थोड्याच वेळात आतले प्रमाण अनेक पटींनी चढते. डोके जड होते, जांभया येतात, चालकाची सावधानता मंदावते. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी, शक्यतो वाहनांची गर्दी नसलेल्या ठिकाणी, मिनिट-दोन मिनिटे बाहेरची हवा आत घ्यावी. वायूंच्या बाबतीत कोळशाच्या थराचा भरवसाही मर्यादित आहे: ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड आणि इंधनाच्या वाफा तो बऱ्याच अंशी शोषतो, परंतु समोरच्या वाहनाच्या नळीतून येणारा कार्बन मोनॉक्साइड त्यातून जवळजवळ अबाधित निघून जातो. स्टेनहाउसच्या कोळशालाही तो कधी अडवता आला नव्हता.

या सर्व विवेचनात एक गोष्ट माझ्या मनाला सतत बोचत राहते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की, महापालिकेला बांधकामांभोवती २५ ते ३५ फूट उंचीचे पत्रे उभारण्याचे हुकूम काढावे लागले आणि महिन्याच्या अखेरीस उच्च न्यायालयाने त्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. त्याच दिवसांत, ३० ऑक्टोबरला, शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. त्रिकोणी काच गेली, तिच्या जागी बंद काचेची वातानुकूलित टॅक्सी आली, परंतु तिच्या शेजारी सिग्नलला उभी राहणारी रिक्षा उघडीच राहिली, आणि चौकातला वाहतूक पोलीसही. मोटारीची गाळणी जितकी सुधारेल तितकी, ज्यांच्या हातात निर्णय आहेत त्यांना बाहेरच्या हवेची झळ कमी लागेल. मोनॅकोचे डांबर आणि दिल्लीच्या बसगाड्यांना नैसर्गिक वायूवर आणणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा आदेश हे दोन्ही उपाय रस्त्यावरच्या प्रत्येक जिवासाठी होते, म्हणून मी त्यांना गाळणीहून श्रेष्ठ मानतो. गाळणीचा त्याग करावा असे मात्र मी म्हणणार नाही. दमेकरी मुलाला घेऊन इस्पितळात जाणाऱ्या बापासाठी आज, या क्षणी, तीच हाताशी आहे.

तिची निगा कशी राखावी, हेही वारशाच्या ओघानेच आले. निर्मात्यांच्या पुस्तिकांत बहुधा वर्षातून एकदा किंवा दहा-पंधरा हजार किलोमीटरनंतर ती बदलावी असे लिहिलेले असते. ही मुदत धूळ साचून हवेचा मार्ग चोंदण्याचा काळ धरून केलेली आहे. विद्युद्भारित तंतू आधी निस्तेज होतात. काजळी आणि तेलकट धूर त्यांच्यावर बसला की भार झाकला जातो, आणि चौकट वरवर पाहता धडधाकट असतानाच तिची सूक्ष्म कण ओढण्याची शक्ती घटते. पुष्कळ ठिकाणी कारागीर ती बाहेर काढून दाबाच्या हवेने फुंकून पुन्हा बसवतात. त्याने पाने आणि माती झडते, तंतू फाटतात, गेलेला भार परत येत नाही. तेव्हा आपल्या मुलखात ही मुदत किलोमीटरवर न मोजता ऋतूवर मोजावी: पावसाळ्यात ओलीने कुबट झालेली जुनी गाळणी दसऱ्याच्या सुमारास काढून टाकावी, दिवाळीच्या धुराआधी नवी बसवावी, आणि दिल्ली, कानपूर, पाटण्यासारख्या शहरांत संक्रांत उलटल्यावर ती एकदा पुन्हा बदलावी.